मेंदूचा फोटो काढा, निकाल लावू नका

मध्यंतरी लहान मुलांमधल्या ऑटिझमवरच्या एका व्याख्यानाला गेले होते. ऑटिझम म्हणजे बोलणं, वागणं आणि लोकांशी नातं जोडणं यांत लहानपणापासून दिसणारं वेगळेपण. व्याख्यान चांगलं झालं. भांडण झालं ते प्रश्नोत्तरांत. एका काकांनी उठून सांगितलं की अमेरिकेत सहा महिन्यांच्या बाळाचा एमआरआय काढून ऑटिझम आहे की नाही ते सांगतात, मग आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात ही सोय का होत नाही? मागच्या रांगेतल्या एक बाई तडक उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा आता वीस वर्षांचा आहे. "आमची मुलं आजारी नाहीत, वेगळी आहेत. तान्ह्या बाळांना त्या बोगद्यात घालून तुम्हाला नक्की काय शोधायचंय? बंद करा हे!" टाळ्या दोघांनाही पडल्या, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी दोन्ही वेळा वाजवल्या. मग आभार, चहा, बिस्किटं. वाद जिथल्या तिथे राहिला.

माझं मत आधीच सांगून टाकते. लहान मुलांच्या मेंदूची चित्रं घेऊन ऑटिझमचा अभ्यास व्हायला हवा. आज होतो त्यापेक्षा जास्त व्हायला हवा, आणि त्यात आपल्याकडची मुलंही असायला हवीत. पण समोर बसलेल्या एका मुलाला ऑटिझम आहे का, या प्रश्नाचं उत्तर आज कुठलाही स्कॅन देऊ शकत नाही. ते देतो म्हणून कोणी पैसे घेत असेल तर ती लबाडी आहे. ही दोन मतं एका तोंडात कशी मावतात, असं मला चहाच्या टेबलाशी विचारलं गेलं. मावतात की! हजार बायका आणि हजार पुरुषांची उंची मोजली तर पुरुष सरासरीने उंच भरतात, यात कुणालाच शंका नाही. म्हणून 'पाच फूट पाच इंच' एवढंच कानावर पडलं तर ती बाई की पुरुष हे पैजेवर सांगाल का? गटाबद्दल शंभर टक्के खरी असलेली गोष्ट एका माणसाबद्दल काहीच न सांगणारी असू शकते. काका आणि त्या बाई एकमेकांवर तुटून पडले खरे, पण दोघांनीही अभ्यास आणि तपासणी यांची एकच मोट बांधली होती. एकाला दोन्ही हवं होतं, दुसरीला दोन्ही नको होतं.

हा फरक मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या भाच्याचा एमआरआय झाला तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. हाक मारली तर वळायचा नाही, बोलायचा ते दोनच शब्द. मुलाला गाढ झोप लागायला हवी म्हणून ताईने त्याला रात्री दोनपर्यंत जागवलं आणि पहाटे पाचला उठवलं. स्कॅन सेंटरवर झोपेचं औषध पाजलं, ते त्याने निम्मं तिच्या ओढणीवर थुंकलं. मग पुन्हा थोडं. ताईने मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना काढून माझ्या रुमालात बांधल्या आणि त्याला कडेवर घेऊन आत गेली. बाहेर बाकावर बसून ऐकू येत होतं ते शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी फोडत असल्यासारखं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: सगळं नॉर्मल. ताईच्या सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "मेंदू नॉर्मल आहे म्हणाले ना? मग झालं तर. याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते." आणि त्या एका 'नॉर्मल'च्या भरवशावर पुढचं दीड वर्ष गेलं. स्पीच थेरपी नाही, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) नाही, काही नाही. खरं तर ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांचा साधा एमआरआय नॉर्मलच येतो. फिट येत असतील, डोक्याचा घेर फार मोठा किंवा फार लहान असेल, शरीराची एक बाजू कमजोर वाटत असेल तर दुसरं काही नाही ना हे बघायला तो काढतात, आणि काढावाच. पण केवळ ऑटिझमची शंका आहे म्हणून सरसकट एमआरआय काढू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या अहवालातही आहे. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मशीनमधून आलेल्या कागदाला प्रश्न विचारायचे असतात हेच आपल्याला ठाऊक नसतं.

एवढं सोसूनही मी 'बंद करा'वाल्यांच्या बाजूला का नाही? कारण मेंदूकडे न बघता ऑटिझमबद्दल बोलण्याचा काळ जगाने पाहिलेला आहे. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं तेव्हा ही मुलं जन्मतःच अशी असतात असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. पण त्याच निबंधात आईवडील कसे थंड आणि पुस्तकी आहेत याचीही नोंद होती, आणि लोकांनी उचलली ती नोंद. पुढची वीसेक वर्षं 'फ्रीजसारख्या थंड आया' हे ऑटिझमचं कारण म्हणून शिकवलं गेलं. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. मुलाला आईपासून तोडून ठेवणं हा उपचार समजला गेला. किती आयांनी हा डाग घेऊन आयुष्य काढलं असेल?

इथे स्कॅनच्या चाहत्यांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. या आयांना सोडवलं ते एमआरआयने नव्हे. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये हा सिद्धान्त खोडून काढला. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या. तंतोतंत सारख्या, म्हणजे जनुकंही सारखी असलेल्या, जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारमध्ये दोघांनाही ऑटिझम होता, आणि नुसत्या एकत्र जन्मलेल्या दहा जोड्यांपैकी एकीतही तो दोघांना नव्हता. आईचा थंडपणा जुळ्यांचा प्रकार बघून वागतो, असं तर कुणी म्हणणार नाही. एवढं सगळं झालं ते चित्रांशिवाय. मग चित्रांनी काय दिलं? चित्रांनी वेळ दिली, म्हणजे गोष्ट कधी सुरू होते त्याचा अंदाज. आणि आरोप करणारे नेहमी वेळेवरच बोट ठेवतात. अमेरिकेत म्हणतात, लस दिली आणि नंतर मूल बोलेनासं झालं. ज्या (एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या) लशीवरून १९९८ मध्ये हे रान पेटवलं गेलं ती तिथे बाराव्या ते पंधराव्या महिन्यात देतात. (ज्या निबंधाने ते पेटवलं त्यात मुलं बारा, आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला; पण भुतं निबंधाबरोबर मागे जात नाहीत.) आपल्याकडे आरोपीच्या पिंजऱ्यात आई नोकरीला जाते ही गोष्ट असते, विभक्त कुटुंब असतं, आणि हल्ली मोबाइल. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द तर लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. ताईला दोन वर्षं रोज ऐकावं लागलं, जेवताना मोबाइल दाखवलास म्हणून हे झालं.

पण वेळ सांगायची तर तान्ह्या बाळांकडेच जावं लागतं, आणि इथे 'मोठ्यांवर करा ना अभ्यास, लहानांना का छळता' हा सोज्ज्वळ वाटणारा सल्ला कोसळतो. मेंदू वापराने घडतो. तीस वर्षं ऑटिस्टिक म्हणून जगलेल्या माणसाच्या मेंदूत वेगळेपण दिसलं तर ते ऑटिझमचं मूळ, की तीस वर्षं तसं जगल्याचा परिणाम, की शाळेत सोसलेल्या छळाचा, की घेतलेल्या औषधांचा? पूर ओसरल्यावर गावात फिरून धरण कुठे फुटलं ते सांगता येत नाही. २०१२ मध्ये सतरा केंद्रांनी मिळून ऑटिस्टिक आणि इतर अशा दोन्ही गटांतल्या १,११२ जणांचे स्कॅन सर्वांसाठी खुले केले. त्यात मुख्यतः शाळकरी मुलं आणि मोठी माणसं होती. त्या साठ्यावर मेंदूच्या रचनेतले फरक शोधणाऱ्या एका गटाला हाती लागले ते अगदी किरकोळ फरक. दोन गटांमधल्या अंतरापेक्षा एकेका गटातली माणसंच एकमेकांपासून जास्त वेगळी निघाली. म्हणजे उशिरा गेलं की ठसे पुसलेले असतात.

म्हणून २००७ पासून अमेरिकेत सेंट लुईस, सिएटल, फिलाडेल्फिया आणि चॅपल हिल इथल्या संस्थांनी मिळून बाळांच्या मेंदूचा अभ्यास चालवला आहे. ज्या घरात मोठ्या मुलाला ऑटिझम आहे तिथल्या धाकट्या बाळांचे सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात स्कॅन काढायचे. अशा भावंडांमध्ये सुमारे पाचांत एकाला ऑटिझम असतो, त्यामुळे थोड्या बाळांत पुरेशी माहिती मिळते. माझ्या भाच्याची गोष्ट ऐकून ज्यांच्या पोटात कालवलं त्यांच्यासाठी सांगते, ही बाळं औषधाने झोपवत नाहीत. रात्री आईबाबा बाळाला घेऊन येतात, दूध पाजतात, थोपटतात, कानावर आवाज अडवणारं काहीतरी बसवतात, आणि बाळ आपसूक झोपलं की हलक्या हाताने आत ठेवतात. जागं झालं की तेवढ्यावर थांबायचं. २०१७ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यातली मुख्य गोष्ट अशी: पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं त्या बाळांच्या मेंदूचा पृष्ठभाग सहाव्या ते बाराव्या महिन्याच्या काळात इतरांपेक्षा वेगाने वाढत होता, आणि मेंदूचं एकूण आकारमान त्यानंतर, दुसऱ्या वर्षात वाढलं. लोकांशी वागण्यातला फरक ठळक होत जातो तोही दुसऱ्या वर्षातच. म्हणजे त्या लशीची सुई टोचण्याआधी आणि जेवताना मोबाइल समोर ठेवण्याआधी मेंदूने आपली वाट धरलेली असते. हे कारण सांगत नाही, हे मी जाणून आहे. पण पिंजऱ्यातल्या आईला घटनेच्या वेळी ती तिथे नव्हतीच असा पुरावा मिळतो, तो थोडा आहे का?

आता काकांचा मुद्दा, आणि तो हलका नाही. याच गटाने संगणकाला सहाव्या आणि बाराव्या महिन्याचे स्कॅन दाखवून भाकीत करायला लावलं होतं. १७९ भावंडांपैकी ३४ जणांना पुढे ऑटिझमचं निदान झालं. संगणकाने त्यातले ३० बरोबर ओळखले आणि उरलेल्या १४५ पैकी फक्त सात जणांवर चुकीचा शिक्का मारला. म्हणजे ज्या ३७ बाळांकडे बोट दाखवलं त्यात ३० खरी निघाली, शंभरात ८१. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या निबंधात सहा महिन्यांच्या ५९ बाळांमधून, पुढे निदान झालेल्या ११ पैकी नऊ ओळखले गेले आणि चुकीचा शिक्का एकावरही नव्हता. हे वाचल्यावर कुणालाही वाटेल, मग अडलंय कुठे?

अडलंय अंकगणितात. हे शंभरात ८१ पाचांत एकाला ऑटिझम असलेल्या गटातले आहेत. तेच मशीन, तोच संगणक, तीच अचूकता घेऊन आपण सरसकट सगळ्या बाळांकडे गेलो, तर? सोयीसाठी शंभरात दोघांना ऑटिझम आहे असं धरू. हजार बाळांत २०. त्यातली १७-१८ सापडतील. उरलेल्या ९८० पैकी पाच टक्क्यांवर, म्हणजे ४९ बाळांवर, चुकीचा शिक्का बसेल. म्हणजे ज्यांच्या आईबाबांना तुम्ही बोलावून घेऊन बसवाल आणि पाण्याचा ग्लास पुढे कराल, त्यांतल्या जवळजवळ चारांतल्या तिघांच्या बाळांना काही झालेलं नसेल. अचूकता तसूभर न घटता हा निकाल! आणि तीही अचूकता मोजकी बाळं, निवडक घरं, कसलेले तंत्रज्ञ आणि रात्रीची शांतता यांच्या जोरावरची. ती जिल्हा रुग्णालयातल्या एका मशीनवर, अपघातातल्या रुग्णांच्या दोन स्कॅनच्या मधल्या वीस मिनिटांत मिळेल असं समजणं म्हणजे बाजारात तुरी.

शिवाय या क्षेत्राचा भूतकाळ काही फार अभिमानाचा नाही. १९७५ मध्ये अठरा मुलांच्या मेंदूभोवतीचं पाणी काढून त्या जागी हवा भरून एक्स-रे काढले गेले (ही तेव्हाची रूढ पद्धत होती, आणि डोकेदुखी अशी होई की मोठी माणसं ओरडत), आणि बहुतेकांच्या मेंदूतली डाव्या कानशिलाकडची पोकळी मोठी असल्याचं जाहीर झालं. १९८८ मध्ये लहान मेंदूच्या (सेरेबेलम, डोक्याच्या मागच्या खालच्या भागातला) मधल्या पट्ट्यातल्या दोन पाकळ्या छोट्या असल्याचा शोध आला. इतरांनी मोजल्या तेव्हा तो टिकला नाही. मग पाळी आली मेंदूच्या 'वायरिंग'ची: ऑटिझममध्ये जवळचे दुवे जास्त आणि लांबचे कमी असतात, असं दहाएक वर्षं सांगितलं गेलं. २०१२ मध्ये सेंट लुईसच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्कॅनमध्ये डोकं किंचित हललं तरी हुबेहूब असंच चित्र उमटतं, जवळचे दुवे जास्त, लांबचे कमी. आणि मशीनमध्ये जास्त कोण हलणार? ऑटिस्टिक मूलच ना? मोजत होते मेंदू, सापडत होती चुळबुळ. याच्याही आधी, २००९ मध्ये, काही खट्याळ संशोधकांनी बाजारातून मेलेला सामन मासा आणून मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या मनात कोणत्या भावना आहेत ते विचारलं. आकडेमोडीत आवश्यक ती काळजी मुद्दामच घेतली नाही, तर माशाच्या मेंदूत एक ठिपका उजळलेला दिसला! त्यांना २०१२ चं इग नोबेल (आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं. आपल्याकडे रावसावर करून बघायला हरकत नाही.

'बंद करा'वाले हा इतिहास आनंदाने उगाळतात. मला मात्र तो उलट वाटतो. या प्रत्येक चुकीचा पडदा फाडला तो त्याच धंद्यातल्या माणसांनी, जास्त मुलं मोजून आणि जास्त काळजीने मोजून. आयांवरचा आरोप मोडायला तीस वर्षं लागली कारण तो मोजतच येत नव्हता; थंडपणाला फूटपट्टी कुठली? डोकं किती हललं ते मिलिमीटरमध्ये सांगता येतं. खोटं ठरू शकेल असं विधान करणं ही या पद्धतीची लाज नाही, तीच तिची पत आहे.

चीड यावी अशी जागा वेगळीच आहे, आणि तिकडे दोन्ही तट बघत नाहीत. संशोधनाची चित्रं उचलून दुकानात लावली जातात ती जागा. ऑटिझमवर स्टेम सेलचे (मूलपेशींचे) उपचार विकणाऱ्या जाहिरातींत मेंदूच्या 'पेट' (PET) स्कॅनची रंगीत चित्रं शेजारीशेजारी दिसतात, 'आधी' निळं, 'नंतर' लालपिवळं. ते रंग मेंदूचे नसतात, संगणकाने आकड्यांना दिलेले असतात. कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा हे माणूस ठरवतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात, ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस नाही, असं स्वच्छ सांगितलं. तरी दागिने गहाण टाकून गेलेली घरं मला माहीत आहेत. एखाद्या बापाला आलेख दाखवा, तो प्रश्न विचारेल. मेंदूचा रंगीत फोटो दाखवा, तो हात जोडेल.

काका म्हणतील, ठीक आहे, पण लवकर कळणं तर हवं ना? पहिल्या वर्षांत मेंदू मऊ मातीसारखा असतो, तेव्हाच हात लावायला हवा. हे मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्यासाठी स्कॅनच लागतो हे कुणी ठरवलं? ऑस्ट्रेलियात नऊ ते चौदा महिन्यांच्या १०३ बाळांवर एक प्रयोग झाला. ती निवडली होती वागण्यावरून: नजर देतं का, बोट दाखवतं का, नावाला वळतं का. निम्म्यांच्या पालकांना त्यांचेच बाळाबरोबरचे व्हिडिओ दाखवून, बाळ काय सांगू बघतंय ते ओळखायला शिकवलं. मुलं तीन वर्षांची झाली तेव्हा या गटात ऑटिझमचं निदान झालं सुमारे सात टक्के मुलांना, तर दुसऱ्या गटात वीस टक्क्यांना. आणि आपल्या दाराशी, गोव्यात, 'संगत' या संस्थेने रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांबरोबर ६५ मुलांच्या अभ्यासात हेच वेगळ्या रीतीने करून पाहिलं. हे काम केलं ते तज्ज्ञांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी. आईबाबांचं मुलाशी सूर जुळणं वाढलं, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. २०१६ मध्ये ते 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एका एमआरआय मशीनच्या किमतीत अशा किती कार्यकर्त्या वर्षानुवर्षं पोसता येतील? २०१३ पासून आपल्याकडे बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याला विकास तपासणी केंद्रं उभी राहायची आहेत. कुठे इमारत आहे तर स्पीच थेरपिस्ट नाही, कुठे पद आहे तर ते रिकामं. माझं सासर ज्या तालुक्यात आहे तिथून सर्वांत जवळचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट एसटीने अडीच तासांवर आहे. तेव्हा सरकारी पैशाचा पहिला रुपया तिकडेच गेला पाहिजे. त्यात वाद घालायला मी येणार नाही.

मग आपल्या मुलांचे स्कॅन संशोधनात हवेत असा आग्रह का? कारण मापाची पट्टी दुसऱ्याची असली की आपली मुलं वाकडी दिसतात. ऑटिस्टिक बाळांची डोकी पहिल्या वर्षात भराभर वाढतात, असा २००३ चा एक गाजलेला निष्कर्ष होता. दहा वर्षांनी लक्षात आलं की तुलनेसाठी वापरलेले वाढीचे तक्तेच जरा घसरलेले होते, आणि बऱ्यापैकी 'वाढ' त्या घसरणीची होती. अमेरिकेतच जर तिथल्या तक्त्यांनी हा घोळ घातला, तर मेळघाटातल्या अडीच किलोने जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला सिएटलची पट्टी लावल्यावर काय होईल? आणि दर वेळी महागडा बोगदाच लागतो असं नाही. उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये खेड्यातल्या लहान मुलांच्या डोक्यावर प्रकाशाचे दिवे बसवलेली टोपी घालून मेंदूचं काम मोजलं गेलं आहे, आईच्या मांडीवर बसून. तो अभ्यास ऑटिझमचा नव्हता, पण गावात हे जमतं एवढं तरी त्यातून दिसलं.

राहिल्या त्या मागच्या रांगेतल्या बाई. त्यांचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. त्यांचं म्हणणं नुसतं 'बाळाला त्रास नको' एवढं नाही. त्या विचारत आहेत, हे सगळं कशाच्या दिशेने चाललंय? आज सहाव्या महिन्यात, उद्या पोटात असताना, आणि मग? ही भीती काल्पनिक नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये दहा हजार ऑटिस्टिक माणसांचा जनुकीय अभ्यास जाहीर झाला. माहितीचं पुढे काय करणार हे ऑटिस्टिक लोकांनीच इतक्या जोरात विचारलं की काही आठवड्यांत तो थांबवावा लागला. आणि आपल्याला तर ब्रिटनपर्यंत जायलाच नको. पोटातल्या बाळाचा फोटो काढणारं सोनोग्राफीचं यंत्र आपल्याकडे आयांचे जीव वाचवायला आलं, आणि महाराष्ट्राने त्याचं काय केलं? सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बोलू न शकणाऱ्या जिवाचं चित्र काढणाऱ्या यंत्राबद्दल संशय घेण्याचा हक्क या राज्यातल्या बाईला नाही तर कुणाला?

पण याच राज्याने काय केलं तेही बघा. देशाच्या आधी, १९८८ मध्ये, कायदा आपण केला. सोनोग्राफी बंद केली नाही. प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक तपासणीचा कागद, दारावर पाटी, आणि एक विशिष्ट वाक्य उच्चारायला डॉक्टरला बंदी. अंमलबजावणी रडतखडत झाली, हे ते आकडेच ओरडून सांगतात; तरी दिशा बरोबर होती. चित्र काढायला परवानगी, त्यावरून निकाल सांगायला मनाई. बाळांच्या मेंदूसाठी असंच काहीतरी का नको? संशोधनात घेतलेल्या बाळाचा एकट्याचा निकाल कुणाला द्यायचा नाही, हे घरच्यांना पहिल्या दिवशी मराठीत सांगायचं. ट्यूमरसारखं काही दिसलं तर मात्र कळवायचं, कसं ते आधी ठरवायचं. माहिती विमा कंपनीला आणि शाळेला बंद. आणि काय शोधायचं हे ठरवणाऱ्या टेबलाशी मोठे झालेले ऑटिस्टिक लोक असायला हवेत. झोप का लागत नाही, मिक्सरच्या आवाजाने जीव का घाबरतो, फिट का येतात हे प्रश्न ते विचारतील. 'यांना कमी कसं करायचं' हा प्रश्न विचारणार नाहीत.

मोजणं म्हणजेच अन्याय, असं मानणाऱ्यांना मी इरावती कर्वे यांची आठवण करून देईन. त्या १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. मराठी मुलीला काम मिळालं कवट्या मोजायचं: कवटीच्या दोन बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध दाखवायचा, युरोपीय कवटी श्रेष्ठ ठरवायची. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. त्या न मोजता परत आल्या असत्या तर फिशरना दुसरा कुणी मोजणारा मिळाला असता, आणि त्याने काय लिहिलं असतं?

(जाता जाता: ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला कधीच पटला नाही. आमचा भाचा स्वतःत कधी मग्न नसतो. पंख्यात असतो, नळाच्या धारेत असतो, लोकलच्या इंडिकेटरवर असतो. स्वतःत मग्न असलेली माणसं मी सभागृहात जास्त पाहिली.)

भाचा साडेपाच वर्षांचा असताना अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. ताईने तीन वर्षांची फाईल उरापाशी धरली होती. नंबर लागला तसं तिने सर्वांत आधी ती मोठी काळी फिल्म बाहेर काढली. आमच्या घरातली त्याच्याबद्दलची सर्वांत महाग वस्तू. डॉक्टरीणबाईंनी ती घेतली, "हे नाही लागणार, ताई" म्हणत टेबलाच्या कडेला ठेवली आणि चाळीस प्रश्नांचा छापील तक्ता पुढे ओढला. पण त्यातला पहिला प्रश्न विचारायच्या आधी त्या खुर्चीवरून उठल्या, पदर खोचला, फरशीवर मांडी घातली आणि खिशातून एक चावीची लाल गाडी काढून त्याच्या दिशेने सोडली. गाडी त्याच्या पायाला लागून थांबली. त्याने ती उलटी केली, चाक फिरवलं, बराच वेळ फिरवलं. बाई काही न बोलता तळहात पुढे करून बसून राहिल्या. बाहेर शिपाई पुढच्या नंबराला हाका मारत होता.